विळीवर बसता येईल का

वरसे, रोहा
५ जानेवारी २०२५

ताई,

थोरल्या बहिणीला पत्र लिहिताना मायना काय घालावा, हे मी दरवर्षी नववीच्या मुलांना फळ्यावर लिहून देतो. त्यातलं तुला काहीच शोभत नाही. मी पाच वर्षांचा असताना तू मला पाय धरून मिठागराच्या पाण्यात उलटं बुडवलं होतंस. तेव्हापासून ‘साष्टांग नमस्कार’ हा शब्द मला खारट लागतो. म्हणून नुसतं ताई.

फोन तू उचलत नाहीस. पत्र परत करायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं, आणि तुझा खुबा तुला तेवढं चालू देत नाही असं तुझी पोर किमया सांगते. म्हणजे पत्र तुझ्याकडे राहणार. या भरवशावर लिहायला बसलो आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा सापडला नाही तरी चालेल.

किमयाने सगळं सांगितलं. एक्सरे काढला, डाव्या खुब्याची गादी पार झिजली आहे, हाडावर हाड घासतंय. डॉक्टर म्हणाले सांधा बदलू, आणि तू एक अक्षर न बोलता चपला घालून बाहेर आलीस. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, “आयचा बदलला तो बघितलाय मी.”

आता हेही किमयानेच सांगितलं, तुझ्यापासून लपवून: नागोठण्याच्या कंपनीतलं तिचं काम मार्चअखेर संपतं. तोपर्यंत तिच्या विम्यात तू आहेस, आणि दुखणं जुनं असलं तरी तो विमा ते धरतो. नव्या ठिकाणी आईबापांना घेत नाहीत. नाथाभावजी असते तर त्यांनी तुला उचलून टेबलावर ठेवलं असतं. ते नाहीत. उरलो मी, आणि मी तुला दारातही चालत नाही.

तो डॉक्टर हर्षद माझा विद्यार्थी. दहावीला संस्कृतात शंभरपैकी अडतीस, त्यातले तीन मी दयेने दिलेले. संधी त्याला कधी सोडवता आले नाहीत, आता सांधे बदलतो. दिवाळीनंतर मला म्हणाला, “सर, पेशंट रोज तेच तेच विचारतात. आमचं पत्रक इंग्रजीवरून केलंय, ते कोणाला कळत नाही. तुम्ही साध्या मराठीत लिहून द्या.” तेव्हापासून दर शनिवारी एसटीने पेणला जातो, त्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर वही घेऊन बसतो, आणि लोक काय विचारतात ते उतरवतो. तू चपला घालून बाहेर आलीस तो शुक्रवार होता. एक दिवस उशिरा आली असतीस तर मी तिथेच होतो. देवाला किंवा किमयाला, कोणाला तरी माझी दया आली.

काल पेणजवळच्या वाशीकडचे एक हैबतराव आले होते. सारा जन्म मिठागरात गेलेला. दोन्ही गुडघे गेलेत. त्यांनी हर्षदला विचारलं, “डाक्तर, आमच्याकडं खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज सडतान. तुमचा ह्यो सांधा किती वर्सं टिकंल?” हर्षद हसला नाही. हा धातू गंजत नाही, पंधरा-वीस वर्षं सहज जातात, असं नीट सांगितलं. हैबतराव म्हणाले, मग गजालाबी तोच का नाय वापरीत?

मला तुला एवढंच सांगायचंय: एकदा परत जा. शनिवार सोडून कुठल्याही वारी जा, मी दिसणार नाही.

तुझा
गणा


वरसे, रोहा
१९ जानेवारी २०२५

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण पोस्टमन वळणावर दिसला की मी गॅलरीत जातो. तीन मजल्यांवरून त्याला वाटतं मास्तर कपडे वाळत घालतोय.

सोबत पत्रकाचा कच्चा खर्डा पाठवतो आहे. चुलीत घालण्याआधी वाच. आमच्या जुन्या शास्त्रग्रंथांची रीत अशीच असते: आधी कोणीतरी शंका विचारतो, मग आचार्य समाधान करतात. गंमत अशी की शंका विचारणाऱ्याला नाव नसतं. मी इथे सगळ्यांची नावं वहीत लिहिली आहेत, पत्रकात छापता येणार नाहीत ती गोष्ट वेगळी.

पहिली शंका सगळ्यांचीच, ऑपरेशन टाळता येईल का. टाळता येतं, पुष्कळदा. गोळ्या, वजन कमी करणं, दुसऱ्या हातात काठी, व्यायाम, कधी इंजेक्शन. हे सगळं करून रात्रीची झोप लागत असेल तर हर्षद स्वतःच म्हणतो, घरी जा. झोप लागत नसेल तर नाही म्हणत. (किमया म्हणाली तू पहाटेपर्यंत ओटीवर बसून असतेस.) इंदुबाई म्हणून एक आल्या होत्या, त्यांना पाला बांधणाऱ्याकडे जायचं होतं. हर्षद म्हणाला, लचकलं असेल तर जा, झिजलं असेल तर पाल्याने गादी उगवत नाही. मग भूल. कमरेत सुई देतात, कमरेखालचं काही कळत नाही, वर माणूस जागा असतो. एका म्हातारीने विचारलं, मग मी तवा बोलू का? बोला, हर्षद म्हणाला.

विम्याचा भाग लिहिताना माझी शेंडी उभी राहिली, जी मला नाही. भरती व्हायच्या आधी मंजुरी घ्यायची, कार्ड आणि आधार बरोबर ठेवायचं, कुठल्या दराची खोली पॉलिसीत बसते ते आधी विचारायचं, कारण महाग खोली घेतली की बाकीच्या बिलालाही कात्री लागते. पाणिनीने सुद्धा इतके अपवाद ठेवले नाहीत. तुझ्यापुरतं सांगायचं तर हे सगळं किमयाने विचारून ठेवलंय. तुझी फक्त सही हवी.

चौथी-पाचवी-सहावी शंका काठी किती दिवस, टाके कधी, एसटीत कधी बसायचं, अशा आहेत. त्या वाच.

सातवी कोरी दिसेल. ती शंका वहीत आहे, सगळ्यात जास्त लोकांनी विचारलेली तीच. उत्तरही मला माहीत आहे. लिहायला बसलो की शाळेची घंटा होते.

आयची आठवण काढू नये असं तू ठरवलं असशील. पण खाडीवर आता कोळंबी सुकत असेल आणि ती ह्या दिवसांत बांधावर उन्हात बसायची. तिथेच पडली, खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं होतं, ताई. ते तरी तू मान्य कर. बाराव्या दिवशी ती वॉकर धरून तुझ्या अंगणात फिरत होती. पुढे जे झालं ते ऑपरेशनाने झालं नाही.

गणा


वरसे, रोहा
२ फेब्रुवारी २०२५

ताई,

काल किमया हर्षदच्या ओपीडीबाहेर मला भेटली. माझी पत्रं तू वाचलीस असं म्हणाली. त्यावर तू तिला जे बोललीस तेही तिने सांगितलं, सांगताना खाली बघत होती. “मास्तर खरं लिवतो. ऑपरेशनानं नाय मेली. मी मारली. माझ्या घरात, माझं ध्यान नव्हतं म्हणून. मग मी कुठल्या तोंडानं नवा खुबा घालून फिरू?”

मी समजत होतो तुला भीती वाटते. भीतीवर माझ्याकडे सहा शंकांची उत्तरं होती. ह्यावर एकच आहे, आणि ते मी तीन वर्षं खिशात घालून फिरतोय.

हे पत्र किमयाकडून वाचून घेऊ नकोस. स्वतः वाच, हळू वाच. आय गेली तेव्हा तू जे केलंस असं सगळे समजतात, ते तू केलेलं नाहीस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तू चहा आणायला खाली गेली होतीस. डॉक्टर संमतीचा कागद घेऊन आले. मला इंग्रजीत सगळं सांगितलं, मी मान डोलावली, मी शिकलेला ना. सांधा बसवल्यावर उकिडवं बसायचं नाही, खाली बसून काही करायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, नाहीतर सांधा निखळतो. ते गेले. आय म्हणाली, काय म्हनत होता त्यो? मी म्हणालो, काही नाही, अंगठा दे. तिने अंगठा मुठीत धरला. तुला तिची ती मूठ माहीत आहे.

ती म्हणाली, “मना इलीवर बसाया येल ना रं, गना?”

मी शाईचं पॅड उघडलं. ती म्हणाली, “म्हावरा कापाया नाय बसता आलं तं मी काय खाटंवर बसून भात मागू? तसं असंल तं राहूंदे. मोडका पाय बरा.”

ताई, हाड मोडलेलं होतं, ऑपरेशन न केलं तर ती त्या खाटेवरून उठलीच नसती. हे तिला समजावायला अर्धा तास लागला असता. डॉक्टरांना परत बोलावता आलं असतं. विळी उंच पाटावर, ओट्यावर ठेवता येते, उभं राहून सुरीने कापता येतं, असं कितीतरी सांगता आलं असतं. मी वर्गात एका शब्दाची व्युत्पत्ती सांगायला तास घेतो. तिला मी एक शब्द दिला.

“येईल.”

तिने लगेच अंगठा दिला. निळी शाई तिच्या पदराला लागली, ती तू नंतर धुतलीस.

घरी सोडताना त्यांनी कागद दिला, इंग्रजीत. त्यावर हे नियम लिहिलेले होते. तुझ्या ओटीवर बसून मी तुला गोळ्या समजावल्या, सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी. आय शेजारीच खाटेवर होती, कान देऊन. उकिडवं बसायचं नाही हे तुला सांगितलं असतं तर तिलाही कळलं असतं की मी खोटं बोललो. म्हणून ठरवलं, तुला एकटीला गाठून सांगू. कागद घडी करून खिशात घातला. पुढच्या रविवारी तू अंगणात भात पाखडत होतीस, शेजारणी होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी मला शाळेची सहल होती. असं करत सहा आठवडे गेले.

ती विळीवर बसली, सांधा निखळला, ती बाजूला कलली. दुसरं ऑपरेशन, मग जंतू, मग ताप, मग एप्रिल. हा सगळा रस्ता त्या एका शब्दापासून निघतो. तुझ्या अंगणातून नाही.

आणि वॉर्डात, सगळ्या बायकांसमोर, तुला कोण म्हणालं, “मैनाताई, एवढंसं लक्ष ठेवता आलं नाही तुला?” तेव्हा तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. तुझा हात तोंडावर गेला आणि मी बोटांनी खिसा चाचपला. त्यानंतर गावाने जे म्हटलं ते माझंच वाक्य उचलून म्हटलं. मास्तर बोलला म्हणजे खरं असणार.

कागद सोबत जोडला आहे. ज्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे ती किमयाला वाचायला सांग. तेवढीच.

गणा


वरसे, रोहा
३ फेब्रुवारी २०२५

ताई,

काल पत्र टाकलं आणि घरी येऊन जेवलो. म्हणजे त्यात काहीतरी राहिलं असणार. सगळं लिहिलं असतं तर जेवण गेलं नसतं.

सांधा निखळला त्या रविवारी तू पेणच्या बाजारात ओला नारळ आणायला गेली होतीस. का गेलीस हे तू कोणाला सांगितलं नाहीस, मला ठाऊक आहे. कारण शनिवारी मी फोन केला होता, आयने उचलला होता. मी म्हणालो होतो, उद्या येतोय, जिताडा मिळाला तर बघ, तुझ्या हातचा खाऊन वर्ष झालं.

तुझ्या हातचा. मैनाच्या नाही, तुझ्या.

ती विळीवर माझ्यासाठी बसली. मी साडेअकराच्या एसटीने उतरलो तेव्हा ती पडलेली होती आणि मासा विळीपाशी अर्धा कापलेला. शेजारच्या पुतळीने तिला धरलं होतं. आय मला बघून म्हणाली, “बसले रं बरोब्बर. उठताना गेलं.” जणू मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती.

एवढंच राहिलं होतं.

गणा


वरसे, रोहा
२३ फेब्रुवारी २०२५

ताई,

काल शनिवार होता. मी तुला लिहिलं होतं, शनिवार सोडून कुठल्याही वारी जा. तू शनिवार धरून आलीस.

जे तूच केलंस ते तुला लिहून कळवणं हा खुळेपणा आहे, पण तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस, म्हणून माझ्या कोपऱ्यातून ते कसं दिसलं ते सांगतो. तू आत आलीस, काठी उजव्या हातात, म्हणजे पहिल्या शंकेचं उत्तर वाचलंस. किमयाने तुला खुर्ची दिली. केस विंचरलेले, अंगावर ती हिरवी साडी. हर्षद एक्सरे लावायला वळला तशी तू म्हणालीस, “डाक्तर, आधी आमच्या मास्तरला भाईर बसवा.”

हर्षदने माझ्याकडे बघितलं. दहावीत मी त्याला वर्गाबाहेर काढायचो तेव्हा मी कसा दिसत असेन, ते मला त्याच्या तोंडावरून कळलं.

तू म्हणालीस, “मना काय सांगायचं ते मनाच सांगा. मधी कोन नको.”

मी वही मिटून बाहेर आलो. बाकड्यावर बसलो. हैबतराव टाके काढायला आले होते, म्हणाले, मास्तर आज सुट्टी? मी हो म्हणालो. दार बंद होतं. तुझा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. पंचवीस मिनिटं लागली. आयला मी जो वेळ दिला नाही, तो साधारण इतकाच असता.

तुम्ही गेल्यावर हर्षदने एवढंच सांगितलं. तू विचारलंस, खाली विळीवर बसता येईल का. तो म्हणाला, नाही. तू विचारलंस, कवाच नाय? तो म्हणाला, काहीजण पुढे बसतात, पण मी तुम्हाला बसा असं कधीच म्हणणार नाही. तू काठी भिंतीला टेकवलीस. मग म्हणालीस, “बरं झालं बोललात. आना कागद.” आणि अंगठा नाही दिलास, सही केलीस. मैना नाथा, पूर्ण. अक्षर चौथीतलंच आहे, माझ्यापेक्षा अजून सरळ.

तारीख बारा मार्चची मिळाली आहे. विम्याची मंजुरी किमया बघते आहे. मी येणार नाही, बोलावल्याशिवाय.

सातवी शंका लिहून झाली. पत्रक छापायला गेलं. उत्तर दोन ओळींचं आहे: नाही. आणि हे उत्तर पेशंटला स्वतःला द्यावं, नातेवाइकाकडून निरोप देऊ नये. हर्षद म्हणाला, सर, दुसरी ओळ डॉक्टरांसाठी झाली. मी म्हणालो, राहू दे.

गणा


वरसे, रोहा
१३ एप्रिल २०२५

ताई,

ऑपरेशन नीट झालं, तू चौथ्या दिवशी उभी राहिलीस, विम्याने फारशी खळखळ केली नाही, हे सगळं मला किमयाकडून. तू भुलीच्या टेबलावर खरंच बोलत होतीस म्हणे. हर्षदला विचारलंस, झालं का रं, मना घरी भात टाकायचाय. तो हे मला दोनदा सांगून हसला. दुसऱ्यांदा मीही हसलो.

आयचं वर्षश्राद्ध या आठवड्यात. दरवर्षी तू तिकडे वाढतेस, मी इकडे. मंत्र मला येतात आणि वडे तुला. दोन्ही एका जागी आले असते तर आयचं पोट भरलं असतं. तू मला ये म्हणालेली नाहीस. मी ते मागत नाही.

आज सकाळी किमया आली होती. नव्या नोकरीचे पेढे घेऊन, आणि गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलेलं एक काहीतरी. म्हणाली, आईने दिलंय. काही सांगितलंय का, विचारलं. म्हणाली, नाही मामा, फक्त म्हणाली, गनाच्या हातात दे, मामीच्या नको.

सुरभी आत चहा करत होती. मी गाठ सोडली.

विळी. आयचीच, पितळी फुलाची, पात्याला एका जागी खाच असलेली. तीन वर्षं तुझ्या माळ्यावर होती असं किमया म्हणाली. तू आता ओट्याशी उभी राहून सुरीने कापतेस, तुला तिचा उपयोग नाही. आणि मला ती का दिलीस ते मला कळलं, ताई. माझे दोन्ही खुबे शाबूत आहेत.

किमया गेल्यावर मी ती स्वयंपाकघरात लादीवर ठेवली. घरात मासा नव्हता. त्या दिवसानंतर जिताडा माझ्या तोंडात गेलेला नाही, हे तुला माहीत नसेल. टोपलीत दुधी होता. तो घेतला. उकिडवा बसलो, आय बसायची तसा, एक पाय पाटावर दाबून.

सुरभी म्हणाली, काय हे, उठा, मी कापते.

बसता येतं मला. अजून तिथेच बसून हे लिहितो आहे, वही मांडीवर. दुधी कापून झाला. उठायचंय, पण थोडा वेळ थांबतो.

गणा